हद्दीबाहेरची डिस्क विनंती: कुठे अडवायची आणि काय उत्तर द्यायचं

डिस्ककडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीत तीन गोष्टी असतात: वाचायचं की लिहायचं, कुठल्या सेक्टरपासून, आणि किती सेक्टर. चौथी गोष्ट म्हणजे डिस्कची एकूण क्षमता. ती विनंतीत नसते, कर्नलनं स्वतःकडे जपलेली असते. या चारांचा मेळ बसतो का, एवढंच पाहायचं असतं. काम दोन-तीन ओळींचं आहे. पण त्या ओळी चुकल्या, किंवा बरोबर असूनही चुकीच्या जागी पडल्या, तर शेजारच्या पार्टिशनवरचा डेटा जातो, आणि जाताना एकही एरर दिसत नाही. म्हणून या दोन-तीन ओळींसाठी एक अख्खा लेख.

स्वतःचं छोटं कर्नल लिहिणारे, ब्लॉक ड्रायव्हर पहिल्यांदाच हातात घेतलेले आणि लिनक्सच्या स्टोरेज लेयरमध्ये नव्यानं शिरणारे, अशा वाचकांसाठी हे लिहिलं आहे. सी भाषा आणि बाइट-सेक्टरचा हिशेब येतो असं धरलं आहे.

आधी उदाहरणाची डिस्क

१ मेबीबाइटची, म्हणजे १०,४८,५७६ बाइटची डिस्क घ्या. सेक्टर ५१२ बाइटचा असेल तर एकूण सेक्टर २०४८, आणि त्यांचे क्रमांक ० ते २०४७. सेक्टर क्रमांक २०४८ अस्तित्वातच नाही. या डिस्कवर येणारी विनंती चारपैकी एका प्रकारची असते. पूर्ण आत असलेली: २०४० पासून ८ सेक्टर. हद्द ओलांडणारी: २०४१ पासून ८ सेक्टर, यातले ७ आत आणि १ बाहेर. नेमकी हद्दीवर सुरू होणारी: २०४८ पासून कितीही. आणि पूर्ण बाहेरची: ५००० पासून कितीही. तिसरा प्रकार चौथ्यापेक्षा वेगळा का मानायचा, हे पुढे उत्तराच्या भागात येईल. नवीन लोक तिथेच सगळ्यात जास्त अडखळतात.

पायरी १: क्षमता बरोबर वाचा आणि एकाच एककात ठेवा

तपासणी कितीही चांगली लिहा, 'एकूण' हा आकडाच एकानं चुकलेला असेल तर ती निरुपयोगी. आणि तो एकानं चुकण्याची सोय प्रत्येक हार्डवेअरच्या भाषेत करून ठेवलेली आहे. स्कझी, एनव्हीएमई आणि एटीए या डिस्कशी बोलायच्या अशा तीन भाषा.

स्कझी डिस्कला 'रीड कपॅसिटी' आज्ञा दिली की ती शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक सांगते, एकूण संख्या नाही. आपल्या डिस्कसाठी उत्तर येईल २०४७, त्यात १ मिळवायचा. शिवाय या आज्ञेच्या १० बाइटच्या रूपात उत्तराचे सगळे ३२ बिट १ आले, तर तो क्रमांक नसून 'आकडा इथे मावत नाही, १६ बाइटचं रूप वापरा' असा निरोप असतो. तो खरा क्रमांक समजून त्यात १ मिळवला, तर ३२ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये क्षमता ० होते.

एनव्हीएमईमध्ये नेमस्पेसचा, म्हणजे डिस्कसारखा वापरायच्या एका भागाचा, आकार ही ब्लॉकची संख्या असते, तिथे १ मिळवायचा नाही. मात्र वाचन-लेखनाच्या आज्ञेत 'किती ब्लॉक' हे क्षेत्र शून्यापासून मोजलं जातं: तिथे ० लिहिलं तर १ ब्लॉक, ७ लिहिलं तर ८. एटीएमध्ये आणखी वेगळं. २८ बिटांच्या आज्ञेत सेक्टरसंख्या ० म्हणजे २५६ सेक्टर, ४८ बिटांच्या आज्ञेत ० म्हणजे ६५,५३६. त्यामुळे शून्य लांबीची विनंती 'निरुपद्रवी आहे, जाऊ दे' म्हणून तशीच एटीए ड्रायव्हरपर्यंत पोचू दिली, तर डिस्क २५६ सेक्टर लिहायला बसेल.

एककाचं काय? लिनक्समध्ये ब्लॉक लेयरचा सेक्टर नेहमी ५१२ बाइटचा असतो, डिस्कचा स्वतःचा लॉजिकल ब्लॉक ४०९६ बाइटचा असला तरी. व्हर्टिओ-ब्लॉक, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला दिलेल्या डिस्कची भाषा, तिच्यातही क्षमता ५१२ बाइटच्याच हिशेबात सांगितली जाते. हा शहाणपणाचा नियम आहे, तुमच्या कर्नलमध्येही तोच पाळा: वरच्या सगळ्या थरांत एकच एकक, आणि हार्डवेअरच्या एककात रूपांतर फक्त ड्रायव्हरच्या दारात. व्हेरिएबलच्या नावातच एकक घाला. नुसतं 'आकार' असं नाव दिलेलं क्षेत्र सहा महिन्यांनी बाइट आहे, सेक्टर आहे की ब्लॉक, हे कुणालाच आठवत नाही.

प्रकार ६४ बिटांचा आणि चिन्हरहित ठेवा. ३२ बिटांत ५१२ बाइटचे सेक्टर मोजले तर मजल २ टेबीबाइटलाच संपते. जुन्या २८ बिटांच्या पत्त्याची मजल १३७ गीगाबाइटच्या आसपास संपत असे. वरचे बिट छाटणारा ड्रायव्हर त्यापुढचं लेखन गुपचूप डिस्कच्या सुरुवातीला नेऊन टाकतो, जिथे पार्टिशन टेबल असतं.

पायरी २: बेरीज करू नका, वजाबाकी करा

पहिल्यांदा लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण असं लिहितो: सुरुवात अधिक संख्या जर एकूणपेक्षा मोठी असेल, तर नाकारा. वाचायला अगदी बरोबर. आता सुरुवात ४२९४९६७२९० आणि संख्या १६ अशी विनंती ३२ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये घालून पाहा. खरी बेरीज ४२९४९६७३०६, पण ३२ बिटांत ४२९४९६७२९५ च्या पुढे जागा नाही, म्हणून बेरीज गोल फिरून १० होते. १० हे २०४८ पेक्षा लहान आहे. तपासणी पास, आणि चार अब्जाव्या सेक्टरची विनंती खाली रवाना.

६४ बिट केले म्हणून सुटका नाही. १८४४६७४४०७३७०९५५१६०८ पासून १६ सेक्टर मागितले तर बेरीज ८ येते. एवढा मोठा आकडा कोण पाठवेल असं वाटेल, पण चिन्हसहित व्हेरिएबलमधला उणे ८ चिन्हरहितात गेला की नेमका हाच आकडा होतो. वरच्या थरात कुणीतरी वजाबाकी चुकवली की तो तुमच्या दारात उभा राहणारच.

बरोबर क्रम असा:

संख्या ० असेल → डेटा नसलेली विनंती, वेगळी हाताळा
संख्या > एकूण → हद्दीबाहेर
सुरुवात > एकूण − संख्या → हद्दीबाहेर
नाहीतर → आत

दुसरी ओळ गाळायची नाही आणि तिसरीच्या खाली न्यायची नाही. एकूण ४ आणि संख्या ८ असेल, तर ४ वजा ८ चिन्हरहितात प्रचंड मोठा आकडा होतो आणि कुठलीही सुरुवात त्यापेक्षा लहानच ठरते. दुसरी ओळ आधी असली की वजाबाकी कधी शून्याखाली जात नाही. लिनक्सच्या ब्लॉक लेयरमधल्या 'बायो चेक ईओडी' या फंक्शनमध्ये हीच रचना आहे, या दोन अटी तिथे जशाच्या तशा सापडतील.

संख्या शून्य असलेल्या विनंतीला वेगळी वाट का? फ्लश, म्हणजे 'कॅशमधलं सगळं कायमच्या जागी उतरव' ही विनंती, तिच्यात एकही सेक्टर नसतो. तिच्यावर पत्त्याची तपासणी लावून ती नाकारली, तर फाइल सिस्टीमचा जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) कधीच पक्का होणार नाही. आणि फ्लश नसलेलं शून्य लांबीचं वाचन-लेखन ड्रायव्हरकडे न पाठवता तिथल्या तिथे यशस्वी म्हणून संपवा. एटीएच्या २५६ सेक्टरांची गोष्ट वर आलीच आहे.

सेक्टरचे बाइट करायचे असतील तर तपासणी झाल्यावरच ९ बिट डावीकडे सरकवा. आधी सरकवलं तर वरचे ९ बिट गळून पडतात आणि बाहेरचा पत्ता आतला दिसायला लागतो.

पायरी ३: पत्ता बदलण्याआधी तपासा, प्रत्येक थरात

आकड्यांनिशी पाहू. डिस्क १०० मेबीबाइट, एकूण २,०४,८०० सेक्टर. पहिलं पार्टिशन सेक्टर २०४८ पासून, आकार १,०२,४०० सेक्टर. म्हणजे ते १,०४,४४७ ला संपतं आणि दुसरं १,०४,४४८ ला सुरू होतं. पहिल्या पार्टिशनवर विनंती आली: १,०२,३९६ पासून ८ सेक्टर लिहा. पार्टिशनच्या हिशेबात १,०२,४०० वजा ८ म्हणजे १,०२,३९२; सुरुवात त्याहून मोठी आहे, म्हणजे विनंती हद्दीबाहेरची.

आता समजा तपासणी पत्ता बदलल्यानंतर, फक्त डिस्कच्या पातळीवर केली. पार्टिशनची सुरुवात मिळवल्यावर पत्ता होतो १,०४,४४४ आणि लेखन जातं १,०४,४५१ पर्यंत. डिस्क २,०४,८०० सेक्टरची, सगळं आत, तपासणी पास. शेवटचे चार सेक्टर पडले दुसऱ्या पार्टिशनच्या पहिल्या चार सेक्टरांवर. तिथे एक्स्ट४ फाइल सिस्टीम असेल तर तिचा सुपरब्लॉक (तिची मूळ माहिती असलेला तुकडा) १०२४ व्या बाइटपासून १०२४ बाइट, म्हणजे तिसरा आणि चौथा सेक्टर. तो गेला. लिहिणाऱ्या प्रोग्रामला 'यशस्वी' असं उत्तर मिळालं, आणि बिघाड कळणार कधी, तर दुसरं पार्टिशन पुढच्या वेळी माउंट करताना. तोवर कोणता प्रोग्राम दोषी होता याचा माग उरलेला नसतो.

म्हणून क्रम ठरलेला: आधी पार्टिशनच्या आकाराशी तपास, मग पार्टिशनची सुरुवात मिळवणं, मग खालच्या डिव्हाइसच्या आकाराशी पुन्हा तपास. रेड (अनेक डिस्क मिळून एक), लॉजिकल व्हॉल्यूम किंवा एन्क्रिप्शनचे थर एकावर एक रचले असतील तर प्रत्येक थरात हेच. लिनक्समध्ये वरचा थर विनंती खालच्या डिव्हाइसकडे नव्यानं सुपूर्द करतो, त्यामुळे ही तपासणी दर पायरीला आपोआप होते. स्वतःच्या कर्नलमध्ये हे साधायचं तर विनंती पुढे ढकलण्याचं एकच फंक्शन ठेवा, तपासणी त्यात घाला, आणि ड्रायव्हरला थेट हाक मारायची वाट बंद करा.

थर रचतानाही तपासा. लिनक्सचा डिव्हाइस मॅपर (असे थर रचणारा भाग) टेबल, म्हणजे कुठला तुकडा कुठल्या डिव्हाइसवर याची यादी, स्वीकारतानाच बघतो की मागितलेला तुकडा खालच्या डिव्हाइसमध्ये मावतो का. मावत नसेल तर टेबलच नाकारतो. चूक जितकी लवकर सापडेल तितकी ती कुणाची हे सांगणं सोपं.

विनंत्या जोडताना किंवा तोडताना पुन्हा तपासायची गरज नाही. आत असलेल्या दोन लागून विनंत्या जोडल्या तर बेरीजही आतच राहते. पत्त्याची मोजपट्टी बदलते तिथेच तपासणी.

पायरी ४: कुणाला काय उत्तर द्यायचं

इथे एकच नियम सगळीकडे चालत नाही, कारण विचारणारे दोन वेगळे आहेत.

कर्नलच्या आतून, म्हणजे फाइल सिस्टीमकडून, विनंती ब्लॉक लेयरला आली आणि ती थोडी जरी हद्दीबाहेर असेल, तर पूर्ण नाकारा. लिनक्स इथे ईआयओ, म्हणजे 'इनपुट-आउटपुट एरर', देतं. फाइल सिस्टीमला आपल्या डिस्कचा आकार माहीत असायलाच हवा. ती बाहेरचा पत्ता मागत असेल तर तिचा मेटाडेटा बिघडला आहे किंवा तिच्या कोडमध्ये चूक आहे. अशा वेळी अर्धं काम करून देणं म्हणजे बिघाडावर पांघरूण घालणं.

युजर प्रोग्राम डिव्हाइस फाइल उघडून थेट वाचत असेल तर त्याची अपेक्षा वेगळी. तो साध्या फाइलसारखं वाचत जातो आणि ० बाइट मिळाले की शेवट आला असं समजतो. लिनक्समध्ये हद्द ओलांडणारं वाचन जेवढं आत तेवढंच मिळतं, आणि हद्दीपासून पुढचं वाचन ० बाइट देतं, एरर नाही. लेखनाला मात्र हद्दीवर ईनोएसपीसी, म्हणजे 'डिव्हाइसवर जागा नाही'. डीडी या कॉपी करायच्या आज्ञेनं अख्खी डिस्क शून्यांनी भरताना शेवटी हाच संदेश येतो, आणि तिथे तो बिघाड नसून काम पूर्ण झाल्याची खूण असते.

बीएसडी घराण्यात हा नियम परंपरेनं ड्रायव्हरजवळच्या तपासणीतच मांडलेला आहे: नेमकी हद्दीवर सुरू होणारी विनंती म्हणजे फाइलचा शेवट, त्यापलीकडची म्हणजे ईइनव्हॅल ('अवैध आर्ग्युमेंट'), आणि हद्द ओलांडणारी छाटून आतली. छाटली तरी उरलेले किती बाइट झाले नाहीत हा आकडा विनंतीसोबत परत जातो. खरी किल्ली त्यात आहे. छाटायचं असेल तर किती छाटलं ते सांगायलाच हवं. लेखन गुपचूप छाटून 'यशस्वी' म्हणणं हे या सगळ्या विषयातलं सर्वात मोठं पाप आहे, कारण वरचा थर ते ब्लॉक डिस्कवर आहेत असं धरून पुढची पावलं टाकतो आणि जर्नलमधली नोंद पुसून मोकळा होतो.

कर्नल पॅनिक करू नका, म्हणजे चूक दिसताच अख्खं मशीन थांबवू नका. एक्सव्ही६ च्या एक्स८६ आवृत्तीतला आयडीई ड्रायव्हर ब्लॉक क्रमांक हद्दीबाहेर दिसला की पॅनिक करतो. शिकवण्याच्या कर्नलला ते शोभतं, कारण तिथे चूक विद्यार्थ्याला लगेच दिसायला हवी. पण कुणीतरी बिघडलेली पेन ड्राइव्ह लावली म्हणून अख्खं मशीन कोसळणं चालणार नाही.

आणि पुन्हा प्रयत्न करू नका. केबल सैल असेल तर दुसऱ्या प्रयत्नात काम होऊ शकतं. सेक्टरच नसेल तर शंभराव्या प्रयत्नातही होणार नाही. तुमच्या तपासणीतून काही निसटलंच तर हार्डवेअर हे सांगतं, फक्त ते ओळखता आलं पाहिजे. स्कझीमध्ये सेन्स की (एररचा प्रकार) ५ 'इल्लीगल रिक्वेस्ट', सोबत अतिरिक्त कोड हेक्स २१, उपकोड ०. एनव्हीएमईमध्ये सामान्य स्टेटस गटात हेक्स ८०, 'एलबीए आउट ऑफ रेंज'. एटीएमध्ये एरर रजिस्टरमधला ४ क्रमांकाचा बिट, आयडीएनएफ. ही उत्तरं 'माध्यम खराब' या पेटीत टाकू नका, नाहीतर रेडचा थर धडधाकट डिस्क बाद करून बसेल.

शेवटचा अर्धवट ब्लॉक

हा भाग लहान आहे पण फसवा. डिस्कचे सेक्टर २,०४,८०३ आहेत आणि पेज कॅश (डिस्कवरचा डेटा मेमरीत धरून ठेवणारा थर) ४०९६ बाइटच्या, म्हणजे ८ सेक्टरच्या तुकड्यांनी वाचते असं धरा. २५,६०० पूर्ण ब्लॉक होतात आणि मागे ३ सेक्टर उरतात. ते वाचायला कॅश ८ सेक्टर मागते, तपासणी नाकारते, आणि डिस्कचे शेवटचे ३ सेक्टर कधीच वाचता येत नाहीत. जीपीटी या पार्टिशन टेबलच्या हेडरची राखीव प्रत नेमकी शेवटच्या सेक्टरमध्येच असते, तेव्हा हे दुर्लक्षून चालत नाही.

उपाय: कॅशच्या पातळीवर, विनंती ब्लॉक लेयरला देण्याआधीच, ती ३ सेक्टरवर आणा आणि पेजमधले उरलेले २५६० बाइट शून्यांनी भरा. हे शून्य भरणं विसरू नका. पेजमध्ये आधी दुसऱ्या कुणाचा तरी डेटा होता, तो शेपटीत तसाच राहिला तर वाचणाऱ्याच्या हाती पडतो. लिनक्समध्ये 'गार्ड बायो ईओडी' हेच काम करतं. पूर्णपणे बाहेर असलेल्या विनंतीला ते हात लावत नाही. ती पुढे जाऊन रीतसर ईआयओ खाते, आणि तेच योग्य.

आडवाटेनं येणाऱ्या विनंत्या

वाचन-लेखनाचं दार पक्कं केलं तरी डिस्कपर्यंत पोचायच्या आणखी वाटा असतात. डिस्कार्ड, म्हणजे 'हे सेक्टर आता नकोत' ही सूचना, लेखनाइतकीच विध्वंसक आहे आणि तिची लांबी प्रचंड असू शकते, म्हणून बेरीज गोल फिरण्याचा धोका इथे सर्वात जास्त. एनव्हीएमईच्या एका आज्ञेत २५६ पर्यंत पल्ले (सुरुवात आणि लांबीच्या जोड्या) देता येतात. पहिला तपासून बाकीचे सोडायचे नाहीत, प्रत्येक तपासायचा. शून्य लिहिण्याच्या आज्ञेलाही हाच न्याय.

दुसरी वाट थेट हार्डवेअर आज्ञांची. लिनक्समध्ये एसजी-आयओ या आयओसीटीएलनं (डिव्हाइसला खास आज्ञा देण्याच्या सिस्टीम कॉलनं) स्कझी आज्ञा जशीच्या तशी डिस्कला देता येते. ती पार्टिशनच्या डिव्हाइस फाइलवर दिली तरी आज्ञेतला पत्ता अख्ख्या डिस्कचाच असतो, पार्टिशनची हद्द तिला ठाऊकच नसते. व्हर्च्युअल मशीनला एक पार्टिशन दिलं आणि त्यातून सगळी डिस्क वाचता-लिहिता आली, असा हा दोष सुरक्षा-दोषांच्या सीव्हीई यादीत सीव्हीई-२०११-४१२७ म्हणून नोंदला गेला. तुमच्या कर्नलमध्ये अशी सोय देणार असाल तर ती फक्त पूर्ण डिस्कवर द्या, पार्टिशनवर नाही.

व्हर्च्युअल डिस्क बनवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: पाहुणा कर्नल तपासून पाठवतो यावर विसंबू नका. क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या ०.९.१ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये ब्लॉक विनंत्यांच्या पल्ल्याची तपासणी नव्हती, आणि पाहुण्या मशीनमधल्या रूटला त्यातून यजमानाच्या मेमरीपर्यंत जाता येत होतं. ती नोंद सीव्हीई-२००८-०९२८.

एक गोष्ट मात्र कुठल्याही तपासणीला पकडता येत नाही: खोटी क्षमता सांगणारी बनावट फ्लॅश ड्राइव्ह. ती स्वतःच मोठा आकडा सांगते, कर्नल तो खरा धरतं. तिथे लिहून परत वाचून पडताळणं हाच मार्ग.

आकार चालू असताना बदलला तर

पेन ड्राइव्ह उपटली जाते, व्हर्च्युअल डिस्क लहान केली जाते, लूप डिव्हाइसमागची (म्हणजे डिस्क म्हणून दाखवलेली) फाइल छाटली जाते. तपासणी करताना 'एकूण' एकदाच स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या आणि दोन्ही तुलना त्याच प्रतीवर करा. दोनदा वाचलात तर पहिल्या तुलनेत जुना आकार आणि दुसऱ्या तुलनेत नवा, असं होऊन वजाबाकी शून्याखाली जाऊ शकते. ३२ बिटांच्या प्रोसेसरवर ६४ बिटांचा आकडा दोन हप्त्यांत वाचला जातो; मध्येच बदलला तर अर्धा जुना अर्धा नवा हाती येतो, म्हणून तिथे कुलूप किंवा सीक्वेन्स काउंटर (वाचताना मध्येच बदल झाला का ते सांगणारा आकडा) हवा. तपासणीनंतर आणि डिस्कवर पोचण्याआधी आकार घटला, तर ती शर्यत तुम्हाला जिंकता येणार नाही. म्हणूनच हार्डवेअरच्या एरर नीट ओळखणं वर सांगितलं.

लॉगमध्ये काय लिहायचं आणि तो कसा वाचायचा

एका ओळीत हे सगळं हवं: प्रोसेसचं नाव, डिव्हाइस, क्रिया, सुरुवात, संख्या, आणि हद्द. यातलं एक जरी गाळलं तरी निदान होत नाही. संदेशांवर वेगमर्यादा लावा. लिनक्सची नेहमीची मर्यादा ५ सेकंदांत १० संदेश अशी आहे. बिघडलेली फाइल सिस्टीम सेकंदाला हजारो विनंत्या फेकू शकते, आणि तो लॉग लिहिण्यातच मशीन अडकून पडतं.

लिनक्सच्या लॉगमध्ये 'अटेम्प्ट टू ॲक्सेस बियॉन्ड एंड ऑफ डिव्हाइस' दिसलं, की पुढच्या ओळीतले आकडे वाचा. 'आरडब्ल्यू' या आकड्याला २५६ नं भागून बाकी घ्या: ० वाचन, १ लेखन, ३ डिस्कार्ड. २०४९ असेल तर बाकी १, म्हणजे लेखन. वरचे बिट ते कुठल्या तऱ्हेचं आहे एवढंच सांगतात.

मग सुरुवात आणि हद्द शेजारी ठेवा. फरक किती आहे, यावरून दोषी कोण ते बऱ्याचदा कळतं. हद्द थोडक्यात ओलांडली असेल, तर फाइल सिस्टीम ज्या आकारावर बनली त्यापेक्षा डिव्हाइस लहान झालं आहे: फाइल सिस्टीम आक्रसण्याआधी पार्टिशन आक्रसलं, इमेज अपुरी कॉपी झाली, किंवा आधीच फाइल सिस्टीम असलेल्या डिस्कवर नंतर रेड बांधलं. एमडी या लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडच्या ०.९० आणि १.० या रूपांत मेटाडेटा शेवटाकडे बसतो, तेवढी जागा कमी होते. सुरुवातीचा आकडा ८ नं भागल्यावर आत येत असेल, तर एककाचा घोळ. हद्द २,०४,८०० आणि सुरुवात १६,३८,३९२ असेल, तर भागाकार २,०४,७९९: आधीच सेक्टरमध्ये असलेला शेवटचा क्रमांक कुणीतरी ब्लॉक समजून पुन्हा ८ नं गुणला. सुरुवात ३४३५९७३८३६० दिसली, तर तो ४२९४९६७२९५ गुणिले ८ आहे, म्हणजे सगळे ३२ बिट १ असलेला ब्लॉक क्रमांक. 'ब्लॉक नाही' ही खूण कुणीतरी पत्ता म्हणून वापरली. हद्दच ० असेल तर डिव्हाइस गेलं आहे किंवा त्याचा आकार अजून ठरलेला नाही. पत्त्यात चूक शोधत बसू नका.

चाचणी

सुरुवातीच्या २०४८ सेक्टरच्या डिस्कवर या जोड्या चालवा, आधी सुरुवात मग संख्या. ०, २०४८ पास. ०, २०४९ नापास. २०४७, १ पास. २०४८, १ नापास. २०४०, ८ पास. २०४१, ८ नापास. १८४४६७४४०७३७०९५५१६०८, १६ नापास. ०, ० आणि २०४८, ० या दोन्ही ड्रायव्हरपर्यंत न जाता यशस्वी. मग डिस्क ४ सेक्टरची करा आणि ०, ८ चालवा. वजाबाकीचा क्रम चुकला असेल तर तो इथे उघडा पडतो.

लिनक्सवर डीडीनं हे तपासताना एक खाचखळगा आहे. लेखन नेमकं २०४८ व्या सेक्टरपासून सुरू केलं तर 'जागा नाही' येतं, पण २०४९ पासून सुरू केलं तर त्याआधीची एलसीकच (वाचन-लेखनाची जागा सरकवणारा कॉल) ईइनव्हॅल देते आणि लेखन होतच नाही. ब्लॉक डिव्हाइसवर शेवटापलीकडे सीक करता येत नाही. तेव्हा पीराइट आणि पीरीड वापरणारा छोटा प्रोग्राम लिहा, त्यात पत्ता थेट देता येतो.

फाइल सिस्टीमकडून येणारी चूक घडवायची असेल, तर चाचणीच्या मशीनवर ६४ मेबीबाइटची फाइल लूप डिव्हाइसला जोडा, एक्स्ट४ बनवा, माउंट करून फाइली भरा, सिंक करा आणि कॅश रिकामी करा. मग मागची फाइल ३२ मेबीबाइटवर छाटा आणि लोसेटअप या लूप डिव्हाइस जोडायच्या आज्ञेच्या 'सेट कपॅसिटी' पर्यायानं आकार नव्यानं वाचायला लावा. तो दिला नाही तर लूप ड्रायव्हर जुनाच आकार धरून बसतो. आता फाइली वाचा, आणि लॉग पाहा. हीच छाटलेली इमेज अनमाउंट करून पुन्हा माउंट केली तर एक्स्ट४ दारातच 'बॅड जॉमेट्री' म्हणून नकार देते, कारण सुपरब्लॉकमधली ब्लॉकसंख्या डिव्हाइसपेक्षा मोठी आहे.

शेवटची चाचणी पार्टिशनच्या शेजाऱ्याची. वरच्या १०० मेबीबाइटच्या डिस्कवर दुसऱ्या पार्टिशनच्या पहिल्या १ मेबीबाइटमध्ये ओळखू येईल असा नमुना भरा, प्रत्येक सेक्टरमध्ये त्याचा स्वतःचा क्रमांक. त्याचा चेकसम घेऊन ठेवा. पहिल्या पार्टिशनवर १,०२,३९३ पासून १,०२,४०० पर्यंत प्रत्येक सुरुवातीला ८ सेक्टरचं लेखन तुमच्या ब्लॉक लेयरला थेट द्या. आठही वेळा एरर यायला हवी. कॅश रिकामी करून चेकसम पुन्हा घ्या. तो जुळला नाही तर पहिल्या सेक्टरपासून क्रमांक वाचत जा. सुरुवातीचे जितके सेक्टर स्वतःचा क्रमांक दाखवत नाहीत तितके पलीकडे सांडले हे मोजता येतं, आणि त्या आकड्यावरून आठपैकी कुठली विनंती निसटली तेही.